आरोपी मी, बादली त्यांची

विश्वास कोणावर ठेवावा, तुम्हीच सांगा बघू? तोंडाने बोलणाऱ्यावर, की वहीत लिहून ठेवणाऱ्यावर? आमच्या घरी वहीवरच विसंबले असते, तर मी आज या टाकीत नसतो.

मी एक बटू एंजलफिश बोलतोय. बोटाएवढा, निळा, पोटाशी शेंदरी. जन्म समुद्रातल्या कपारीत, शिक्षण मासेवाल्याच्या दुकानात. मासेवाला विकताना म्हणे, "हा प्रवाळाला तोंड लावत नाही, लिहून देतो!" तक्रार आली की तोच म्हणे, "साहेब, एंजल तो, तोंड लावणारच!" शेजारच्या काचेत एक पिवळा भाऊबंद होता, प्रवाळ खाल्ल्याच्या आरोपावरून परत आलेला. "मी काही केलं नाही रे," असं सारखं म्हणायचा. मी हसायचो. चोर दुसरं काय म्हणणार?

मला घेतलं एका चष्मेवाल्याने. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, आणि मधोमध तळहाताएवढं हिरवं प्रवाळ. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बायकोने दिलेलं. त्यात त्याचा जीव अडकलेला.

दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपणं हे माझं काम. एकदा त्या प्रवाळालाही तोंड लावून पाहिलं, खोटं कशाला बोलू? कडू लागलं, सोडून दिलं. धान्याचा नमुना चाखला म्हणजे कोणी पोतं पळवलं असं होत नाही. पण चष्मेवाल्याने नेमकं तेवढंच पाहिलं!

उन्हाळा आला आणि प्रवाळ मिटू लागलं, कडा पांढऱ्या पडल्या. "हाच तो!" चष्मेवाला गरजला. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत खाणं ठेवलं. मी खादाड, अलगद अडकलो. टाकीच्याच कोपऱ्यात जाळीच्या डब्यात माझी रवानगी झाली. रविवारी दुकानात परत न्यायचं ठरलं.

पाच दिवस झाले. प्रवाळ आणखीच आकसलं. चष्मेवाला बादली घेऊन टाकीपाशी आला, तेव्हा बायको सोफ्यावर चहा पीत होती.

"अहो, चोर पाच दिवस तुरुंगात आहे. मग चोरी करतंय कोण?"

"जुनी जखम असेल."

"आणि ही बादली कसली?"

"टाकीतलं पाणी आटतं गं. रोज तेवढं खारं पाणी घालतो."

"खारं? रस्सा आटला की वर मिठाचं पाणी ओतता का? वाफ पाण्याची होते. मीठ जातंय कुठे?"

चष्मेवाल्याने टाकीची वही पुढे केली. "हे बघ, रोज मिठाचा आकडा पस्तीस. बरोबर पस्तीसच हवा."

"मोजलात कधी?"

मोजायची नळी खणात धूळ खात होती. काचेवर थेंब टाकायचा आणि एका डोळ्याने आत बघायचं, एवढंच काम. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्याला तेवढंही होईना! कालचा आकडा आज उतरवायचा, आजचा उद्या. बायकोने थेंब टाकला, पाहिलं, नळी त्याच्या हातात दिली.

"एकेचाळीस. तुम्हीच बघा, नंबर वाढला नसेल तर."

दुसऱ्या दिवसापासून बादलीत गोडं पाणी आलं. थोडं थोडं करत आकडा उतरला. पंधरवड्याने प्रवाळ फुललं, बायकोने मला डब्यातून कधीच सोडलं होतं. चष्मेवाला काचेशी वाकला आणि पुटपुटला, "चुकलं बाबा माझं." मन भरून आलं माझं.

मग त्याने वही उघडली आणि लिहिलं: "मासा सुधारला."

सुधारला? मी बिघडलो कधी होतो? आणि चार पानं मागे अजून तसंच आहे: "पिवळा एंजल. प्रवाळ खातो. परत केला." तर तो पिवळा याच टाकीतून गेला होता, याच बादलीपायी! आणि मी त्याला हसलो होतो.

तुमच्याही घरी टाकी असेल, वही असेल. माझा तो एक चावा खुशाल लिहा, मी नाकारत नाही. पण त्याच पानावर तुमच्या बादल्याही लिहा, मोजून.