बद्रीनाथच्या नावाची बाटली

गॅरेजमागच्या बोरीआडून हबीब बाहेर आला आणि झाकण घट्ट पिळून त्यानं बाटली बद्रीनाथच्या हातात दिली.

"घे. फेस बघ कसला आलाय! म्हशीच्या धारेला न्हाई येत एवढा."

"ताकद हाय बे तुझ्यात," बद्रीनाथ म्हणाला आणि बाटली फडक्यात गुंडाळून त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकली. तिच्यावर लॅबची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर बद्रीनाथचं नाव.

साठी उलटलेल्या माणसानं असली चोरी करावी का? पण त्याचाही नाइलाज होता. बारा वर्षांची शुगर, त्यात बीपी. बायको गेल्यापासून तलवाड्यात तो एकटाच राहायचा आणि पुण्याहून आलेली लेक या खेपेला हट्टालाच पेटली होती. "अण्णा, शुगर-बीपीवाल्याच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं की काळजाला धोका असतो," तेजश्री म्हणाली होती. "तसं निघालं तर तुम्हाला इथं एकटं ठेवणार नाही. सरळ पुण्याला चलायचं." तिच्या चौथ्या मजल्यावर त्यानं एकदा आठ दिवस काढले होते. तिथं रामराम घालायला लिफ्टमधला आरसा तेवढा होता.

आणि हबीबला ही विद्या काही नवी नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी एसटीच्या ड्रायव्हरभरतीला बद्रीनाथ बीडला गेला, तेव्हा हबीब नुसता सोबतीला आला होता. तपासणीच्या वेळी कंपाउंडर दारातच उभा. भीतीनं बद्रीनाथला थेंब उतरेना. तांब्याभर पाणी प्यायला, नळ सोडून बघितला, लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलला, सगळं व्यर्थ! शेवटी हबीबनं मागच्या खिडकीतून हात घालून बाटली नेली आणि भरून परत दिली. त्या बाटलीच्या जोरावर बद्रीनाथनं उभा जन्म एसटी चालवली. काय दिवस होते ते! पहिल्या पगाराचे पेढे हबीबच्या आईनं, अजमतबीनं, साऱ्या गल्लीत वाटले होते. स्वतःचा पोरगा नोकरीला लागल्यागत मिरवली होती म्हातारी. बाटली लॅबवर द्यायला निघालेला बद्रीनाथ हे आठवून आठवून गेवराईपर्यंत एकटाच हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, प्रोटीन फारच जातंय. ही नुसती किडनीची गोष्ट नाही. हृदयाच्या नळ्याही खराब होत असतील. पुढच्या तपासण्या लगेच करायला हव्यात."

तेजश्रीनं वडिलांचा दंड धरला. बद्रीनाथपुढं पेच पडला. गप्प बसावं तर हबीब तिकडं खुशाल जॅक लावत बसलेला. बोलावं तर सगळंच उघडं पडणार. पण हे फार वेळ तोलत बसण्यासारखं नव्हतं.

"बाई, ती बाटली माझी न्हाई," तो म्हणाला. "हबीबची हाय. माझा दोस्त."

तेजश्रीच्या हातातून वडिलांचा दंड सुटला.

"त्यांनी शुगर, बीपी कधी तपासलंय?" बाईंनी विचारलं.

"दवाखान्याची पायरी चढला न्हाई कधी."

"मग आजच आणा त्यांना. आणि तुम्ही तुमची बाटली द्या, या वेळी स्वतःची."

लेकीनं गाडी तशीच माघारी वळवली. गॅरेजपुढं उतरून बद्रीनाथनं हबीबला ट्रॅक्टरखालून बाहेर बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ग्रीसनं माखलेले हात तसेच धरून हबीब ऐकत राहिला.

"म्हंजी, तू फेल झालास?"

"आरं यड्या, मी न्हाई, तू! तुझ्या काळजाला धोका हाय. चल, गाडीत बस."

हबीब जागचा हलला नाही. त्यानं गाडीत बसलेल्या तेजश्रीकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"तुझं काम बिघडवलं की रे मी," तो हळूच म्हणाला. "आता पोरगी तुला घेऊन जाणार."

बद्रीनाथनं खाली वाकून हबीबच्या चपला त्याच्या पायापुढं सरकवल्या.