चावी गाडीत नाही

झाशीजवळच्या बरुआसागरहून फोन आला तेव्हा मनस्वी नुकतीच बाबांना स्टेशनवर सोडून निघाली होती. बाबा मालगाडीचे लोको पायलट. ड्यूटीवर गेले की मोबाइल बंद. त्यांच्या बहिणीच्या, शशिकलाआत्याच्या छातीत कळा येत होत्या, दरदरून घाम फुटला होता. अँब्युलन्सला उशीर लागणार होता.

तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळी अक्षरं उमटली: चावी गाडीत नाही.

"बाबांच्या खिशात गेली," मनस्वी म्हणाली.

"मग आता गाडी बंद पडेल?" मागच्या सीटवरून आईने विचारलं.

"नाही. चावीचा सिग्नल सुरू करताना लागतो. चालू आहे तोवर चालेल, बंद केली की संपलं."

"घरून दुसरी घेऊन जाऊ ना."

"घर उलट्या दिशेला आहे, आई. बंद करायचीच नाही, एवढंच."

तर्क बरोबर होता. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोयही तिने बटण दाबून काढून टाकली. आत्याच्या दारात गाडी चालूच ठेवून दोघींनी तिला पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे कलती केली. आत्याचे ओठ पांढरे पडले होते.

"साडी तरी बदलू द्यायची," ती म्हणाली.

"बोलू नका हो वन्सं," आई म्हणाली.

झाशीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. मनस्वीने गिअर पार्किंगला टाकला आणि मागे वळली. "डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली गोळी दिलीस ना?"

आई उत्तर देण्याआधीच गाडीतली घरघर थांबली. आत्याचं बोट इंजिन सुरू-बंद करायच्या बटणावर होतं.

"फाटकावर इंजिन बंद करायचं," ती धापा टाकत म्हणाली. "तुझा बाप मकरंद किती ओरडतो. रेल्वेवाल्याची पोर ना तू?"

मनस्वीने ब्रेक दाबला, बटण दाबलं. चावी गाडीत नाही. पुन्हा दाबलं. तेच.

"मी काही बिघडवलं का गं?"

मनस्वी उतरून धावली. मागे आल्याची पोती भरलेला पिकअप उभा होता.

"भैया, बुआ को सीने में दर्द है, झाँसी ले चलिए. हमारी गाड़ी बंद हो गई, चाबी रेलगाड़ी में है."

"रेलगाड़ी में? वाह! इतनी बड़ी गाड़ी, और चाबी रेल में!" ड्रायव्हर म्हणाला, पण बोलता बोलता सीटवरचं सामान मागे फेकत होता.

केबिनमध्ये दोघींपुरतीच जागा होती. आई आत्याला धरून चढली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, पिकअप उजवीकडून निघून गेला.

दोन माणसं ढकलायला आली, पण गिअर पार्किंगमध्ये अडकलेला; चाकं हलेनात. "अरे हटाओ!" मागून हॉर्न वाजत राहिले. मनस्वी रस्त्यात उभी राहून हाताने वाहनं बाजूने काढत होती. दुसऱ्या हातात फोन. तो वाजत नव्हता.

वाजला तेव्हा आईला दम लागला होता. "आत घेतलंय. अटॅकच आहे, पण वेळेत आलात म्हणाले. इंजेक्शन दिलंय. मनू, त्या रडतायत गं. म्हणतात, नवी गाडी मी बिघडवली."

"फोन तिच्या कानाशी धर." एक ट्रक गेला, मनस्वीने दुसऱ्या कानात बोट घातलं. "आत्या, गाडी ठणठणीत आहे, फक्त चावी बाबांकडे राहिलीय. बटण दाबू नको, हे मी आईला सांगितलं, तुलाच सांगितलं नाही."



"मग तू अजून फाटकावरच आहेस?" आत्याने विचारलं.