वरातीतली चाळीस मिनिटं

माझ्या स्टुडिओत एक व्हीसीआर अजून चालू आहे. सगळ्या जिंतुरात तो बहुधा शेवटचाच असेल, आणि मला त्याचा उगाच गर्व आहे. एके काळी लग्नसराईत लोक आधी माझी तारीख विचारायचे आणि मग मंगल कार्यालयाची. पुढे सीडी आली, डीव्हीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आणि आता नवरीचा भाऊच मोबाईलवर सगळं उरकतो. गरज सरो, वैद्य मरो. मी मात्र रोज व्हीसीआरवर फडकं मारतो, महिन्यातून एकदा त्याचं हेड साफ करतो आणि बायकोची बोलणी खातो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी सरजामावशी दुकानात आल्या. येलदरी रस्त्यावरच्या एका गावात राहतात, सत्तरी ओलांडली तरी गावातल्या रंगनाथरावांच्या शेतात मजुरीनं खुरपायला जातात. सोबत त्यांच्या भावाची नात होती, कॉलेजात शिकणारी साक्षी. ताकाला जाऊन भांडं लपवणं मावशींच्या स्वभावात नाही. बसल्या बसल्याच म्हणाल्या,

"बन्सीभाऊ, रंगनाथरावाच्या पोराच्या लग्नाची शूटिंग तुमीच केलती ना? त्या वरातीत माझा सिद्धोधन नाचलाय. मला त्यो दाखवा."

ते लग्न नव्याण्णव सालच्या मे महिन्यातलं. सिद्धोधन तेव्हा अठरा वर्षांचा, नवरदेवाचा वर्गमित्र. त्याच वर्षी दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गेला आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. मावशींचं एकुलतं एक पोर.

"फोटो नाही का एखादा?" मी विचारलं.

मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून त्याचं दहावीचं हॉल तिकीट काढलं. कोपऱ्यात टिकलीएवढा फोटो. "ह्यात त्यो फोटोवाल्याला भिऊन बसलाय. माझा लेक असा न्हवता. पंचवीस वरसं झाली भाऊ. त्यो चालायचा कसा, हसायचा कसा, मला आठवंना गेलंय. आदी बगायची हिंमत न्हवती. आता बगितला न्हाई तर डोक्यातून पुसूनच जाईल."

"मीच सांगितलं आज्जीला," साक्षी म्हणाली, "जुन्या कॅसेटी आता मोबाईलमध्ये घेता येतात म्हणून."

खरं सांगतो, मला हुरूप आला. कितीतरी वर्षांत माझ्याकडे कुणी इतक्या आशेनं आलं नव्हतं. त्या कॅसेटची डीव्हीडी मीच दोन हजार अकरा साली करून दिली होती आणि तिची नक्कल माझ्या हार्ड डिस्कवर होती. "मावशी, हा बन्सीधर काही टाकून देत नसतो," असं ऐटीत म्हणून मी कॉम्प्युटर लावला.

हळद झाली, मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. मावशी स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. शेवटी वरात आली. घोड्यावर नवरदेव, ओवाळणाऱ्या बायका, फेट्यातले पाहुणे. बँडनं नुकता सूर धरला आणि गुलाबाची फुलं उडत उडत 'शुभ विवाह' अशी अक्षरं आली. संपलं.

"पुढं?" मावशींनी विचारलं.

तेव्हा मला आठवलं. कॅसेटवर पावणेतीन तासांचं शूटिंग होतं आणि डीव्हीडीत दोनच तास नीट बसायचे. रंगनाथराव माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. काय काढायचं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "नाचणारे काढ. ते काय आपले हायेत? कोन बगणार त्यांला?" मी नुसतं ऐकलं नाही, "बरोबर आहे, कंटाळवाणंच आहे ते," असंही म्हणालो. कॅसेट पुढे पळवली, वरातीतली चाळीस मिनिटं सोडून दिली आणि चहा मागवला.

"डीव्हीडी लहान असते मावशी, बसलं नाही सगळं," मी म्हणालो. हे खरंही होतं आणि शुद्ध लबाडीही होती. "पण घाबरू नका. मूळ कॅसेट मी रंगनाथरावांना परत दिली होती. ती मिळाली की काम झालं."

मी व्हीसीआर चालू करून ठेवला, स्पीकरवर फोन लावला आणि मावशी आल्यात, लग्नाची मूळ कॅसेट हवी आहे, असं सांगितलं.

"कॅसेट?" रंगनाथराव हसले. "डीव्हीडी आल्यावर ती कोन जपतंय? त्याच साली रीळ काढून जवारीवर बांधली की. पाखरं लय पडलती. तुमच्या सरजाबाईनंच तर बांधली, इचार तिला."

आमच्याकडे ही रीत आहे. ज्वारी दाण्यात आली की शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत टेपची पट्टी ताणून बांधतात. ती उन्हात चमकते, वाऱ्यानं वाजते, मग पाखरू फिरकत नाही. माझ्याकडूनसुद्धा लोकांनी पोत्यानं जुन्या कॅसेटी नेल्या आहेत आणि मी हसत हसत दिल्या आहेत.

मावशी आपल्या हातांकडे बघत होत्या.

"ती व्हय?" त्या म्हणाल्या. "काळी, चमकनारी? मीच बांधली. ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. दिसभर डोक्यावर वाजायची. मी शिव्या द्यायची तिला, काय कटकट हाय म्हणून. आन् जवारी काडताना गाठी सुटंनात, तर दातानं तोडली. धुऱ्यावर पेटवून दिली."

साक्षी रडायला लागली. माझ्याच्यानं राहवेना. "मावशी, मघाशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "ते नाचणारे मीच काढले. रंगनाथरावांनी सांगितलं, पण हात माझा होता."

मावशी रागावल्या असत्या, चप्पल उगारली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्या उलट खुर्ची ओढून जवळ आल्या. त्यांचे डोळे एकदम जिवंत झाले.

"म्हंजी काडताना तुमी बगितलं आसंल की! समद्यात शेवटी तुमीच बगितला त्याला. सांगा ना भाऊ, कसा नाचत होता?"

मी काहीच बघितलं नव्हतं. पळत्या कॅसेटमध्ये माणसं नुसती थरथरत होती, आणि तेव्हा माझं लक्ष चहावाल्याकडे होतं. पण हे त्या माउलीला कुठल्या जिभेनं सांगणार?

"लय भारी नाचत होता, मावशी," मी म्हणालो. "सगळ्यांच्या पुढे. दोन्ही हात वर करून, हसत."

मावशींचा चेहरा फुलला. मग हळूहळू विझला.

"त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात न्हवता, भाऊ," त्या म्हणाल्या. "सात वरसाचा आसताना बैलानं मारलं होतं."

त्यांनी हॉल तिकीट पिशवीत ठेवलं, पिशवीला दोनदा पीळ दिला आणि साक्षीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. "चल माय, गाडी जाईल," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार होतो?