एका जिवाचा कुऱ्हाडवाला

मी नथ्थू बोलतोय. हाडामांसाचा नथ्थू वेगळा, त्याच्याबद्दल पुढे सांगेनच. मी टीव्हीच्या पडद्यावरचा, खेळातला. दोन्ही हातांनी पेलायची कुऱ्हाड, अंगावर लोखंडी चिलखत, आणि मान जवळपास नाहीच. सध्या माझा मुक्काम ‘धारातीर्थी पडलेले’ नावाच्या यादीत आहे. तिथं माझ्यापुढे लिहिलंय : नथ्थू, लेव्हल एकतीस, मारणारा केसाळ. एवढ्यावर माझा निकाल लावून टाकला. मला तो मान्य नाही, म्हणून तोंड उघडलंय.

माझा जन्म ऊर्जानगरच्या एका क्वार्टरमध्ये, रविवारी दुपारी, वरणभात खाऊन झाल्यावर झाला. घर विक्कीचं. विक्की वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. त्याची बायको संघप्रिया शाळेत शिकवते. आणि संघप्रियाचे वडील देवाजी, माझे धनी, गडचिरोलीकडच्या जंगलातलं आपलं गाव सोडून लेकीकडे येऊन राहिलेले.

देवाजींचा उजवा हात अस्वलानं फाडला होता. कोपरापासून मनगटापर्यंत टाक्यांचे वण, आणि बोटं वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. संघप्रियानं दाबायला रबरी चेंडू आणून दिला. देवाजींनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. मग विक्कीनं आपला गेम लावला आणि एक कंट्रोलर सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर आम्ही चौघं उभे होतो. तिरंदाज, मांत्रिक, सुरीवाला आणि मी.

“हा,” देवाजी म्हणाले. “याच्यापाशी कुऱ्हाड हाय. बाकीच्यायचं मले समजत नाई.”

“मामाजी, हा लय जवळून लढते. लय मार खाते. नव्या माणसाले तिरंदाज बरा.”

“राहू दे जवाईबापू. कुऱ्हाड मले येते.”

मग खेळानं विचारलं, जीव किती हवेत? विक्कीनं समजावलं, भरपूर घ्या, एका जिवाचा गडी मेला की कायमचा गेला, परत उठत नाही. देवाजींनी त्याच्याकडे पाहिलं. “मंग? माणसाले किती असतेत?” विक्की हसला. सोबत म्हणून त्यानंही आपला तिरंदाज एका जिवाचाच घेतला. माझ्या आयुष्याची दोरी अशी गमतीगमतीत ठरली.

नाव काय ठेवायचं, असं विचारल्यावर मात्र देवाजींनी आपल्या फाटक्या हाताकडे पाहिलं. “नथ्थू,” ते म्हणाले. अक्षरं निवडता निवडता विक्कीचा अंगठा थांबला. त्याला माहीत होतं. मला नव्हतं.

आता माझ्याबद्दल खरं सांगतो. कुऱ्हाडवाल्याविषयी लोकांचं पहिलं मत वाईटच होतं. मी जड आहे. मी कुऱ्हाड उचलेपर्यंत तिरंदाजाचे तीन बाण सुटलेले असतात. मारायचं तर मला जनावराच्या तोंडाशी जावं लागतं, आणि तोंडाशी गेलं की ते चावतं. नवे खेळाडू दहा मिनिटांत वैतागतात, असं विक्कीच सांगायचा.

देवाजी वैतागले नाहीत. पहिला लांडगा अंगावर आला तेव्हा त्यांनी मला एक पाऊल बाजूला घेतलं, त्याला पुढे निघून जाऊ दिलं आणि मागून तिरपा घाव घातला. कुऱ्हाड खांद्याच्या सांध्यात बसली. पाय एकीकडे, लांडगा दुसरीकडे. गरम रक्त माझ्या चिलखतावर उडालं आणि मला पहिल्यांदा जिवंत वाटलं. “तिरपी माराव लागते,” देवाजी म्हणाले. “सरळ मारली तं फसते.” दुसऱ्याचं डोकं फुटलं, तिसऱ्याची आतडी गवतावर सांडली. विक्की आपले बाण सोडायचं विसरून बघत बसला. मला वाटलं, वा! धनी मिळावा तर असा.

मग केसाळ आला.

केसाळ म्हणजे काळ्या केसांचं, माणसापेक्षा उंच जनावर. दोन पायांवर उभं राहतं, आणि नख्या वीतभर. देवाजींचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं एक बटण दाबलं. ते ललकारीचं होतं. मी छाती फुगवून असा ओरडलो की पडद्यातली झाडं हलली.

त्यांच्या जंगलात अस्वल दिसलं की माणूस ओरडतो, डबा वाजवतो, आणि बहुतेक वेळा अस्वल निघून जातं. देवाजींना वाटलं, इथंही तसंच. पण केसाळ तर आलाच, शिवाय झाडीत लपलेले आणखी दोघं त्याच्या मागून धावत आले आणि तिघांनी मिळून मला लोळवलं. गालाचं मांस लोंबायला लागलं.

“आवाज देल्ला तं पळत काऊन नाई हा?” देवाजी ओरडले.

“मामाजी, ते हाकलाची ललकारी नोहे! बोलवाची हाय! सारे तुमच्यावर येतेत अन् मागचा माणूस वाचते. कुऱ्हाडवाल्याचं कामच ते हाय!”

विक्कीनं बाण मारमारून मला कसाबसा वाचवला. देवाजींनी कंट्रोलर खाली ठेवला आणि हात पंच्याला पुसत बसले.

त्या दिवसानंतर त्यांनी ललकारीचं बटण दाबलं नाही. विक्कीनं विचारलं की म्हणायचे, “बोट वळत नाई.” खोटं! त्याच बोटानं ते माझी औषधाची कुपी उघडायचे, तेव्हा ते छान वळायचं. पण कुणाला सांगणार? मला तेव्हा फक्त ओरडता येत होतं, आणि त्यालाही मनाई.

पुढचे चार महिने आम्ही दोघांनी मिळून नुसती कत्तल केली. दर रविवारी, आणि विक्कीची पाळी सकाळची असली की इतर दुपारीही. मी डाकू उभे चिरले, डुकरांच्या बरगड्या मोडल्या, एका राक्षसाचा गुडघा सहा घावांत झाड पाडावं तसा पाडला. देवाजींची बोटं सुटायला लागली. संघप्रियानं एकदा त्यांना कांदा चिरताना पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं म्हणाली.

फक्त एक खोड होती, आणि तिची मला मरणाची लाज वाटायची. गर्दी वाढली आणि विक्कीनं “मामाजी, इकडे या!” म्हणून आवाज दिला, की देवाजी मला वळवायचे आणि पळवायचे. तिरंदाजाला तसंच टाकून! माझ्या सगळ्या जखमा पाठीवर. विक्की बिचारा कसाबसा निसटायचा आणि हसून सोडून द्यायचा.

एकदा तो सहज म्हणाला, “मामाजी, मोहात देता तशी ओ तं द्या.” त्यांच्याकडे मोहफुलं वेचायला जोडीनं जातात. वेचता वेचता दोघं लांब होतात, म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली की समजायचं, सोबती बरा आहे. विक्की गमतीनं बोलला होता. देवाजी उठून बाहेर गेले, ते संध्याकाळीच परतले.

फाल्गुनात गावाहून फोन आला. गुणाबाईंचा. गुणाबाई म्हणजे नथ्थूची, खऱ्या नथ्थूची बायको. फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला होता म्हणून मीही ऐकला.

“देवाजीभाऊ, यंदा दुसरं वर्षश्राद्ध हाय. गेल्या साली नाई आले तुमी. औंदा या. मी साऱ्या गावाले सांगते, माया माणसासाठी देवाजीभाऊनं आपला हात अस्वलाच्या तोंडात देल्ला.”

“हात बरा झाला का येतो, बाई,” देवाजी म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी मला हातात घेतलं. समोर एक लांडगा कधीचा मरून पडला होता. देवाजी त्याच्यावर घाव घालत राहिले. चाळीस, पन्नास. मेलेल्याला मारून काही मिळत नाही, ना बळ ना बक्षीस. तरी मारत राहिले. मी लढवय्या आहे, रक्ताचं मला वावडं नाही, पण त्या दिवशी मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी आम्ही केसाळांच्या गुहेत शिरलो. सात होते. दोन मी आत शिरतानाच कापले. तिसऱ्याचा जबडा तोडला, पण त्यानं माझं खांद्याचं पोलाद फोडून आत नख्या घातल्या. मग उरलेले चारही उठले. त्यांनी तिरंदाजाला कोपऱ्यात गाठलं आणि एकानं त्याला खाली पाडून छातीवर बसून तोंडावर पंजे मारायला सुरुवात केली.

“मामाजी!” विक्की ओरडला.

देवाजींनी मला वळवलं. गुहेचं तोंड समोर होतं.

“मामाजी!”

मी पळत होतो. दहा पावलं उरली होती.

“मामाजी!”

मी थांबलो. म्हणजे त्यांनी थांबवलं. उरलेली पावलं टाकली असती तर मी वाचलो असतो, आजही जिवंत असतो. देवाजींचा श्वास मला कंट्रोलरमधून जाणवत होता. मग मी वळलो, आणि चार महिन्यांनी ते बोट ललकारीवर आलं.

मी ओरडलो. पण माझ्यापेक्षा मोठ्यानं देवाजी ओरडले, त्या क्वार्टरच्या खोलीत, उभे राहून. “होऽऽऽ! आलो, नथ्थू! आलो!”

चारही केसाळांनी तिरंदाजाला सोडलं आणि माझ्याकडे तोंड केलं. काय लढलो म्हणून सांगू! पहिल्याचं डोकं मानेपासून उडवलं. दुसऱ्याच्या पोटात कुऱ्हाड अडकली, ती पाय देऊन उपटली. तिसऱ्यानं माझा डावा हात दंडापासून तोडला, तेव्हा त्याचं नरडं एका हातानं चिरलं. कुपी संपली होती. चौथ्यानं समोरून मिठी मारली आणि माझ्या बरगड्या एकेक करून मोडल्या. समोरून! पाठीवर ओरखडासुद्धा नाही. विक्की बाहेर पोचेपर्यंत मी उभा होतो.

“सुटलो, मामाजी! पण तुमचा गडी...” विक्की बोलता बोलता थांबला.

आवाज ऐकून संघप्रिया पोळपाट सोडून धावत आली होती. पडद्यावर माझं नाव राखेच्या रंगाचं झालं होतं. देवाजी त्याच्याकडे बघूनच बोलले.

“संघप्रिया, मोह वेचता वेचता नथ्थूनं मले तीन आवाज देल्ले होते. मी वीस पावलावर होतो. हातात कुऱ्हाड होती. मी झाडावर चढलो अन् आपल्याच तोंडात खांद्यावरचा दुपट्टा कोंबला. अस्वल त्याच्या छातीवर बसून तोंड फाडून राह्यलं होतं. तिसऱ्या आवाजाले त्याले ओठ नोते. तरी मले समजलं, माहंच नाव हाय.”

देवाजींनी उजव्या हातावरच्या वणांवर बोट ठेवलं.

“मंग मी उतरून पळालो, तं त्या अस्वलाचं पिल्लू आडवं आलं. हात तवा फाटला. नथ्थूसाठी नाई फाटला.”

संघप्रिया जमिनीवर बसली. विक्कीनं टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तर देवाजी म्हणाले, “राहू दे.” मग त्यांनी माझ्यासमोरच गुणाबाईंना फोन लावला आणि हेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

“किती आवाज देल्ले त्यानं?” गुणाबाईंनी विचारलं.

“तीन.”

फोन बंद झाला.

तरी वर्षश्राद्धाला देवाजी गेले. विक्की सोबत होता. परत आल्यावर त्यानं संघप्रियाला सांगितलं ते मी ऐकलं. अंगणात साऱ्या गावासमोर देवाजींनी आपल्या तोंडानं सांगितलं. नथ्थूचा धाकटा भाऊ इसरू काठी घेऊन उठला. पहिला टोला पाठीवर बसला. विक्की मधे पडायला गेला तर देवाजींनीच त्याला मागे सारलं. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर, रक्त कानावरून ओघळलं. देवाजी जागचे हलले नाहीत. गुणाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. चौथ्यांदा काठी वर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, “तीन झाले. बस.”

मग त्यांनी देवाजींना पाणीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मोह पडून राह्यला. त्या झाडाखाली मायासंगं कोणी येत नाई. उद्या सकाळी टोपली घेऊन या. मी आवाज देईन.”

देवाजी तिकडेच राहिले. माझा कंट्रोलर कपाटावर आहे. विक्कीनं नवा कुऱ्हाडवाला काढलाय, बरा आहे, पण घाव सरळ घालतो आणि कुऱ्हाड फसते. माझ्या नावापाशी ‘यादीतून काढायचं का?’ असं खेळ दर वेळी विचारतो. विक्कीला माझं सांगणं आहे, नको काढूस रे. एकतीस लेव्हल आणि एक ललकारी, एवढीच माझी कमाई.

परवा तो ही यादी उघडून बसला होता आणि त्यानं सासऱ्यांना फोन लावला. सकाळची वेळ. देवाजींच्या मागे पाखरांचा गलका होता.

“मामाजी, डोकं बरं हाय का? टाके काढले?”

“हो, काढले. हातबी बरा हाय. मी काय म्हणत होतो, जवाईबापू, त्या...”

लांबून, झाडांच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला. “देवाजीऽऽ!”

देवाजींनी आमचं बोलणं अर्ध्यावर टाकलं. विक्कीला थांब म्हणायलाही ते थांबले नाहीत.

“होऽऽऽ!” ते ओरडले.