खडकाईच्या वाटेवरल्या ओव्या

"पाय उचल... आता टेकव. हितं दगड हालतोय, जरा उजवीकडनं ये."

कैक वर्षांपूर्वीचा हा आवाज लीलाबाईंच्या कानात अजून ताजा होता. हळदीचं अंग, शालूला बांधलेली उपरण्याची गाठ, हनुवटीपर्यंत ओढलेला पदर आणि समोर खडकाईचा डोंगर. नव्या जोडप्यानं गाठ न सोडता देवीला जायचं, ही त्यांच्या घरची रीत. नवरीला दिसत होती ती फक्त स्वतःच्या पायाची बोटं. पुढं चालणाऱ्या नवऱ्याचा चेहराही तिनं अजून धड पाहिला नव्हता. तोच हळू आवाजात वाट सांगत होता. मागून वऱ्हाड हसलं, "बायकूचा मास्तर झाला रं!" पण तो गप्प बसला नाही. देवीच्या पायरीपर्यंत लीलाबाईंना एक खडा रुतला नाही.

तो नवरा, दत्तोबा, आता सत्तरीला टेकला होता. वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन लासुर्ण्याला घरचा ऊस बघत होता. दर रविवारी झुंजूमुंजू होताना मंडळी डोंगराच्या पायथ्याशी जमायची. दत्तोबा म्होरक्या. त्यांनीच हा नाद लावलेला, म्हणून पुढं चालायचा मान त्यांचा. त्यांच्या मागं लीलाबाई, नऊवारी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मागं कन्हेरीचे विजयसिंहराव, ज्यांची जीभ पायांपेक्षा जास्त चालायची. आणि आज नवीन एक पोरगी होती, बारामतीच्या बँकेत नोकरी करणारी स्वरूपा.

"चला दत्तोबा, गाडी सोडा," विजयसिंहराव म्हणाले. "आज तरी जरा दमानं. मला घरी परत न्यायला माणसं न्हाईत."

"तुमाला न्यायला माणसं कशाला, क्रेन लागंल," दत्तोबांनी पुढूनच उत्तर फेकलं आणि काठी टेकत चढायला सुरुवात केली.

ताठ पाठ, संथ पाऊल. मागून बघणाऱ्याला वाटावं, याच मातीतून उगवलेला माणूस चालतो आहे. लीलाबाईंनाही तसंच वाटायचं. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. दत्तोबांचे डोळे गेले होते.

एका दिवसात नव्हते गेले. आधी चहा कपाच्या बाहेर सांडू लागला. मग "पेपरात आता राह्यलंय काय" म्हणून पेपर बंद झाला. मग गुडघ्याचं निमित्त करून मोटरसायकल पुतण्याला दिली. लीलाबाईंनी सगळं पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. दत्तोबांनी एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं, त्याच दिवशी त्या त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार होत्या. पण आपण बोलून दाखवायचं? ज्यानं आपल्याला वाट दाखवली त्याला "तुम्हाला दिसत नाही" म्हणायचं? जीभ उचलत नव्हती. आणि वरच्या खिंडीत एका बाजूला सरळ कडा होता. रविवार जवळ आला की त्यांची झोप उडायची.

म्हणून त्यांनी चालताना ओव्या म्हणायला सुरुवात केली होती. मंडळींना वाटायचं, बाईंना गाण्याची हौस आली.

पहिली चढण संपली तशा त्या गाऊ लागल्या. आज सर्दीनं गळा बसला होता, आवाज जात्यातल्या भरड दाण्यासारखा येत होता.

"डाव्या अंगाला बोरीबाई, काट्याचा तिचा हात,
पदर धरूनी म्हणं, सये थांब गं वाटंत."

दत्तोबा अलगद उजवीकडं सरकले. बोरीचा काटा त्यांच्या बाहीला शिवलाही नाही.

"काकी, किती गोड!" स्वरूपानं मोबाइल काढला. "थांबा, रेकॉर्ड करते. हे कुठून शिकलात?"

"शिकतीय कुठली? वाट दिसंल तसं म्हणायचं."

"थोरला दगड गं बाई, वाटंत बसला जावई,
वळसा घालून जावं, त्याला उठायाची न्हाय घाई."

"मला बोलताय व्हय, वैनी?" दमून खरोखरच एका दगडावर टेकलेले विजयसिंहराव मागून ओरडले. सगळे हसले. दत्तोबा मात्र थोरल्या दगडाला वळसा घालून पुढं गेलेही होते.

मग खिंड आली. मुरूम सुटलेला, वाट हातभर रुंद. लीलाबाई दत्तोबांच्या अगदी मागं गेल्या.

"मुरूम सुटला गं, वाट झाली..."

खोकल्याची उबळ आली. ओवी मधेच तुटली. त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं. दत्तोबांचा एक पाय हवेत होता. उचललेला, पण टेकवलेला नाही. सारा माणूस एका पायावर थांबून उरलेल्या ओळीची वाट बघत होता.

"...वाट झाली घसरण," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझ्या राजसा रं, डोंगराला धर अंग."

तेव्हा तो पाय कड्यापासून आत वळला आणि टेकला.

वर पोचल्यावर ऊन थेट तोंडावर आलं. देवळाच्या ओट्याशी दत्तोबांनी टोपी काढली, घाम पुसला. चेहरा कसा उजळला होता! नवीन माणसाला वरून मुलूख दाखवायचा, हा त्यांचा दर वेळचा मान. इतक्या प्रेमानं दाखवायचे की ऐकणाऱ्याला आपलंच गाव नव्यानं आवडू लागावं.

"ये पोरी, हितं उभी ऱ्हा." त्यांनी हात लांब केला. "ती बघ वालचंदनगरची चिमणी, धूर कसा सरळ चाललाय. हा कालवा, उन्हात चांदीच्या साखळीवानी. त्याच्या दोन्ही अंगाला आमचा ऊस. अन् पार तितं, बारामतीच्या अंगाला, कन्हेरीची झाडी. दिसली?"

स्वरूपानं मोबाइल हळूच खाली केला.

ते चढून आले ती बाजू कोरड्या माळाची. पण पलीकडं, कालव्याच्या बाजूला, डोंगराच्या पायापासून आभाळापर्यंत पांढरं धुकं पसरलं होतं. चिमणी नाही, कालवा नाही, ऊस नाही. नुसतं धुकं, आणि वर स्वच्छ कोवळं ऊन.

"दत्तोबा," विजयसिंहराव हसत म्हणाले, "सकाळी सकाळी काय घिऊन आलाय का? खाली दूध उतू गेल्यावानी झालंय समदं. तुमाला चिमणी दिसली कुठं?"

दत्तोबांचा हात लांब केलेलाच राहिला.

लीलाबाईंच्या ओठांवर ओवी तयार होती. धुक्याचा पदर मुलखाच्या तोंडावरी, माझ्या कंथाला दिसते न दिसता नवरी. एवढी म्हटली की मंडळी वा वा करतील, स्वरूपा रेकॉर्ड करील, गोष्ट हसण्यावारी जाईल. पुढच्या रविवारी पुन्हा तीच खिंड. त्यांनी तोंड उघडलं.

"थांब, लीले."

चारचौघांत दत्तोबांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. हात खाली घेऊन त्यांनी तिचा खांदा चाचपला आणि त्यावर ठेवला.

"जावयाला मी पोटात लई हासलो," ते म्हणाले. "बोरीबाईबी बेस झाली. पर आता गळा बसलाय तुझा. माझ्यापायी किती वरडशील?"

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. दत्तोबा आवाजाच्या रोखानं वळले. पाठ चढताना होती तशीच ताठ होती.

"विजयसिंहराव, मला दिसत न्हाय. लई दिस झालं. ह्या डोंगरावर तुमाला मी आणत न्हवतो, ही आणत हुती."