डाव्या हाताचा रुमाल

आमच्या घरातून कुठलीही मुलगी आजीच्या हातचा क्रोशाचा रुमाल घेतल्याशिवाय सासरी गेलेली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये एका टेबलावर मुलीकडच्या हौसेच्या वस्तू मांडतात, ते रुखवत. त्यात पहिला मान या रुमालाचा. मला माझ्या आजीने दिला, माझ्या लेकीला, रेवतीला, माझ्या सासूने दिला. आता माझ्या नातीचं, श्रुतिकाचं, लग्न सात जूनला आणि रुमाल आठ फेऱ्यांवर अडलेला.

अडला, कारण पौषात माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय चार महिन्यांत चालता झाला. जीभ तर आठवड्यात परत आली, घरच्यांचं नशीब, दुसरं काय. हात मात्र रुसला. काही धरायला दिलं तर धरून ठेवायचा, पण बोटं म्हणून हलायची नाहीत, आणि क्रोशाची सुई बोटांत फिरली नाही तर तिचा उपयोग कान कोरण्यापुरता. श्रुतिका म्हणायची, "आज्जी, टेन्शन नको घेऊ ना. रुखवताचं सगळं ऑनलाइन मिळतं."

"मग आजीसुद्धा ऑनलाइनच मागव," मी म्हणायचे.

रुमाल मी उशीच्या अभ्र्यात घालून कॉटखाली ठेवला होता. रोज म्हणायचे, उद्या जमेल. मे संपत आला तरी तो उद्या उजाडला नव्हता. मी कुणाला बोलले नाही, पण मनातून खचले होते. रिकाम्या हाताने नात पाठवायची, हे मला सोसण्यासारखं नव्हतं.

घरात तर जत्रा भरलेली. बोरीवलीचा आमचा फ्लॅट तो केवढा, त्यात रेवती दोन मुलं घेऊन नाशिकहून आलेली. देवगडहून दिरांनी पाठवलेल्या आंब्यांच्या पेट्या माझ्या कॉटखाली, त्यामुळे मी झोपायचे ती आंब्याच्या वासात. गच्चीवर कोकमाची सोलं वाळत घातलेली, त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्या मुलाला, राजेशला, दोनदा सुनावलेलं. राजेश लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांची यादी घेऊन प्रत्येकाच्या मागे फिरत होता. आणि मी मधोमध बसून सगळ्यांना हुकूम सोडत होते, जे कुणीच पाळत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी रेवतीने पेट्या पुढे ओढल्या आणि त्यांच्याबरोबर अभ्रा बाहेर आला. मी रुमाल मांडीवर घेतला. नुसती बोटं फिरवली आणि चमकले. आठच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या. वरच्या तिन्ही फेऱ्यांचे खांब उलट्या बाजूला झुकलेले. खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. माझा खांब नेहमी एकाच बाजूला कलतो, डोळे मिटूनसुद्धा ओळखेन मी.

"ह्येका कोणी हात लावल्यान?" मी ओरडले. रागावले की माझी मालवणी आपोआप बाहेर पडते.

रेवती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस, मला साधी साखळी येत नाही." मुलांनी देवाची शपथ घेतली. श्रुतिका तर क्रोशाच्या सुईला हूक म्हणते, तिचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या मीरावहिनींवरसुद्धा मी संशय घेऊन मोकळी झाले.

संध्याकाळी सात वाजता माझी सून श्वेता अंधेरीच्या ऑफिसातून आली. चपला काढल्या, माझ्या मांडीवरचा रुमाल बघितला आणि म्हणाली, "मी केलं आई."

"तू?"

"डब्याच्या पिशवीतून ऑफिसला नेत होते, आज नेमका न्यायचा राहिला. जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं. तुमचा जीव त्यात अडकलाय, कळत होतं मला. म्हटलं, लग्नाआधी पुरा करून ठेवावा."

"तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी? कधी?"

"तुम्ही विणायला बसायचात ना, मी समोर लसूण सोलत असायचे. मी डावखुरी. समोर बसलं की तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर यायचा. आरशात बघून शिकतात तसं शिकले."

मला तिच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. सत्तावीस वर्षं झाली त्याला. ही माझ्याकडे आली होती, नवा दोऱ्याचा गुंडा घेऊन, "आई, मला शिकवाल?" म्हणत. मी म्हटलं होतं, "तुझा हात डावा. सगळं उलटं विणशील. राहू दे, लसूण सोल." आणि हिने लसूण सोलला.

अशा वेळी शहाण्या बाईने काय म्हणावं? मी म्हटलं, "उसव ते. अर्धं सुलट, अर्धं उलट, रुखवतावर हसं होईल."

रेवती म्हणाली, "आई, काय गं तू!" श्वेताने मात्र पर्सही खाली न ठेवता माझ्यापाशी बसून दोऱ्याचं टोक सोडवलं आणि उसवायला लागली. तीन आठवड्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या होत्या त्या. तिचा डावा हात सरसर चालत होता, दोरा कुठे अडकत नव्हता, गुंडा घट्ट आणि गोल होत होता. मला माझीच लाज वाटायला लागली. मी खाली बघितलं. माझा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, आणि त्याच्याशेजारी डावा, चांगला धडधाकट, पाच महिने नुसता बसून होता.

या घरात डाव्या हाताने विणणारी एकच बाई होती.

"श्वेता," मी म्हटलं, "तो आठ फेऱ्यांचा राहू दे तसाच. नवा गुंडा काढ. माका शिकव."

तिने मान वर केली. "खरंच?"

"तोंड काय बघतेस? बस समोर."

"समोर नको आई, शेजारी बसते," ती म्हणाली. "आता आपल्या दोघींचा हात एकच."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास, संध्याकाळी आल्यावर अर्धा तास. आजारी हाताने दोरा नुसता धरायचा, डाव्याने सुई चालवायची. साठ वर्षं विणकाम केलेली बाई मी, आणि माझी पहिली साखळी बघून रेवतीच्या मुलाने विचारलं, "आजी, ही गांडुळं का?" सुई हातातून पाचदा पडायची. मी तिला शिव्या द्यायचे, दोऱ्याला शिव्या द्यायचे, आणि शिकवणीला सुट्टी दे म्हणून रुसायचे. श्वेता म्हणायची, "ओढू नका दोरा. सैल सोडा. हां, आता खांब." एकदाही तिचा आवाज चढला नाही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी दोन चापट्या दिल्या असत्या.

ही पोर इतकी वर्षं माझ्या घरात होती आणि तिच्यापाशी एवढा धीर आहे हे मला माहीत नव्हतं. देवाने उजवा हात नेला तेव्हा मी त्याला पुष्कळ बोलले होते. त्या दहा-बारा दिवसांत त्यातलं बरंचसं मनातल्या मनात मागे घेतलं.

सहा फेऱ्या झाल्या आणि लग्न आलं. ताटावर घालायचा रुमाल जेमतेम वाटीवर बसेल एवढा झाला. कडा एकीकडे वर, एकीकडे खाली. श्रुतिकाने तो रुखवताच्या टेबलावर सगळ्यांत पुढे मांडला, रेडिमेड तुळशीवृंदावनाच्याही पुढे. मी म्हटलं, मागे ठेव गो, वाकडा आहे. तर म्हणाली, "वाकडा असू दे. माझ्या आज्जीचा आहे, झकास आहे."

हॉलमध्ये विहीणबाई रुखवत बघायला आल्या. त्यांनी नेमका तोच उचलला. "आजी, हा तुम्ही विणलात? या अशा हाताने?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. भोवती दहा बायका होत्या, रेवती होती, श्वेता सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हटलं, "विणला मी. शिकवलं या माझ्या सुनेने. सत्तावीस वर्षांपूर्वी हिने मला विणकाम शिकवाल का म्हणून विचारलं होतं. हात डावा म्हणून मी नाही म्हटलं. चूक माझी होती."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लग्नाच्या हॉलमध्ये सासू असं काही बोलत नाही. श्वेताने ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही नाही म्हणालात म्हणून तर मी इतकं नीट बघत राहिले."

माझे डोळे भरून आले. आमच्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हणायची पद्धत नाही. माझ्या सासूने मला कधी म्हटलं नाही, मी कुणाला म्हटलं नाही.

"थँक्यू गो," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.