चाकापुढचा बाभळीचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा ठोकळा आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. दिसायला मी काही फार देखणा नाही. एका बाजूने उतरता, दुसऱ्या बाजूने उभा, मधे एक भोक आणि भोकात दोर. एक कोपरा गेलेला. मला गाडीच्या चाकाला लावतात आणि मी गाडीला हलू देत नाही, एवढंच माझं काम. 'हा मधेच आडवा आला,' असं वैतागून कुणी म्हटलं की माझी छाती फुगते. होय, येतो मी आडवा. येणारच!

माझा जन्म तिसगावच्या सुताराच्या अंगणातला. बांधावर पडलेल्या बाभळीचं एक खोड त्याने तासायला घेतलं आणि तासता तासता तो घामाघूम झाला. दोनदा त्याच्या वाकसाची धार गेली. मी तेव्हापासूनच असा आहे. नबीलाल नावाच्या ट्रकवाल्याने मला उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाला, "ह्यो दगडाच्या वरचा हाय. ह्यो चालंल."

नबीलालचा ट्रक कांदा वाहायचा. एकदा करंजी घाटात भरल्या ट्रकचा ब्रेक गेला आणि ट्रक मागे सरकायला लागला. मागे माणसांनी गच्च भरलेली एसटी उभी होती. नबीलालने उडी टाकली आणि मला मागच्या चाकाखाली सारलं. सगळा ट्रक माझ्या अंगावर आला. आईशपथ सांगतो, माझ्या अंगातून कडकड आवाज निघाला, पण मी तसूभरही हललो नाही. एसटीतल्या बायकांनी खाली उतरून नबीलालच्या पाया पडायला सुरुवात केली, तर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून केबिनमध्ये माझी जागा त्याच्या सीटशेजारी होती. माझ्यावर पाय ठेवला म्हणून त्याने एका क्लीनरला चांगलं फैलावर घेतलं होतं.

मग नबीलालचे गुडघे गेले. ट्रक विकला गेला आणि मी त्याच्या मुलाच्या, परवेझच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडलो. परवेझ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. तिथे माझा जो अपमान झाला तो काय सांगू! रात्री कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला मला लावायचे. ज्याने घाटात ट्रक धरला, त्याने आता कोंबड्या धरायच्या! पण एक सांगतो, माझ्या पहाऱ्यात एकाही मांजराला ते दार ढकलता आलं नाही.

परवेझच्या डोक्यात विमान शिरलं आणि माझे दिवस पालटले. खेळण्यातलं नव्हे, बसून उडायचं खरं विमान. ॲल्युमिनियमचे पाईप, वर ताणलेलं कापड, बसायला एक खुर्ची आणि खुर्चीच्या मागे इंजिन. इंजिनाला लाकडी पंखा, तोही मागेच. असली विमानं स्वतः बनवणारे वेडे ठिकठिकाणी असतात, आणि त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. कुणी पंख्याचा फोटो टाकायचा, कुणी हेल्मेटचा. पण सगळ्यांचं मुख्य वेड एकच होतं, वजन. ह्याने टाकी छोटी केली, त्याने गादी काढली. परवेझने तर कमाल केली. त्याने ब्रेकच बसवले नाहीत.

"ब्रेक जमिनीवर लागतात," तो ऐटीत म्हणाला, "मला वर जायचंय."

हे ऐकून प्रज्ञा मॅडमने कपाळाला हात लावला. प्रज्ञा मॅडम संगमनेरच्या कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी स्वतःचं विमान परवेझच्या आधी बनवलं होतं, म्हणून दर रविवारी त्या गाडीने यायच्या आणि परवेझच्या कामात चुका काढायच्या. त्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून बजावलं.

"परवेझभाई, तुमचं इंजिन हाताने पंखा फिरवून चालू होतं. तुम्ही मागे पंख्यापाशी, आणि आत कुणीच नाही. इंजिन लागलं आणि विमान सुटलं, तर पकडणार कोण? आत माणूस पाहिजे आणि चाकाला ठोकळा पाहिजे. दोन्ही."

परवेझने कुठूनतरी पिवळेधमक प्लॅस्टिकचे ठोकळे मागवले. काय त्यांचा तो तोरा! फुंकर मारली तर पडतील असे हलके. पहिल्याच दिवशी इंजिनाने जोर केला आणि ते विमानाच्या पुढे पुढे मुरमावर घसरत निघाले, जशी वरातीपुढे नाचणारी पोरं. आत प्रज्ञा मॅडम होत्या म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. बाजेवर बसलेल्या नबीलालने मग खुराड्याकडे बोट केलं.

"त्याला आना," तो म्हणाला.

मला आणलं. एकाच चाकापुढे मी एकटा. इंजिन गुरगुरलं, विमान थरथरलं, पण मी ढिम्म. विमानाला वाटलं असेल, हे कोण आलंय म्हातारं? त्याला काय माहीत मी कांद्याचा ट्रक धरलाय ते! परवेझने मला तांबडा रंग दिला आणि भोकात दोर ओवला. मी पुन्हा कामावर रुजू झालो.

उडायच्या परवानगीचे कागद यायला खूप वेळ लागला. तोवर विमान जमिनीवरच पळवायचं. गोरक्षनाथ नावाच्या शेजाऱ्याने त्यासाठी आपला माळ मोकळा दिला होता. मोठ्या मनाचा माणूस. पण परवेझला त्याचा शब्द मोडवत नसे, आणि तिथेच घात झाला.

कागद आले. सकाळी उडायचं ठरलं. माळावर ही गर्दी! पंखा मागे आहे, मग पुढे कसली भीती, असं म्हणून सगळे विमानाच्या तोंडासमोर फोटो काढायला उभे राहिले. कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, शाळेची मुलं होती. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी उजव्या चाकाच्या रेषेत, नबीलालची खुर्ची. त्याला मुलाचं विमान समोरून बघायचं होतं. काठी टेकून उठायचं म्हटलं तरी त्याला दोघांचा आधार लागायचा.

गोरक्षनाथ हळद, कुंकू, नारळ आणि लिंबं घेऊन आला. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबं ठेवतात आणि ती चिरडून गाडी पुढे नेतात, तुम्ही पाहिलंच असेल. त्याने डाव्या चाकापुढे लिंबू ठेवलं. उजव्या चाकापुढे मी.

"हे लाकूड काढ रं परवेझ," गोरक्षनाथ म्हणाला. "शुभ कामात आडकाठी कशाला?"

"गोरखभाऊ, ते राहू द्या. प्रज्ञा मॅडम येईपर्यंत..."

"आन् मुहूर्त? त्यो थांबतो व्हय तुज्या मॅडमसाठी? लिंबू ठेवायचं, गाडी म्होरं काढायची, झालं."

परवेझ घुटमळला. माणसं बघत होती. ज्याच्या माळावर उभं राहायचं त्याला नाही कसं म्हणायचं? त्याने मान हलवली आणि मला बाहेर ओढलं. माझ्या जागी एक लिंबू ठेवलं. लिंबू! मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सरबताच्या लिंबाने विमान धरायचं?

"आरं, इकडं दे त्याला," नबीलाल ओरडला. "मी पाय ठेवतो त्याच्यावर."

ज्याने माझ्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही, तो हे म्हणाला. मला तेव्हा राग आला होता. पण म्हाताऱ्याने पाय ठेवलाच नाही. त्याने मला खुर्चीशेजारी घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चाकाकडे बघत बसला.

गार सकाळ होती. परवेझने पंखा फिरवला, इंजिन लागेना. पुन्हा फिरवला, नुसतं खोकलं. लोक हसायला लागले. परवेझ चिडून पुढे आला, आत हात घालून रेस वाढवून ठेवली आणि मागे जाऊन जोरात झटका दिला. इंजिन लागलं. लागलं म्हणजे असं लागलं की माळावरची सगळी कावळ्यांची फौज उडाली. रेस वर, आत कुणी नाही, ब्रेक नाहीत आणि चाकापुढे लिंबू. फच्च!

विमान सुटलं.

परवेझ मागून "पळा, पळा" म्हणून ओरडत धावला. बाया पोरं घेऊन बाजूला पळाल्या. गोरक्षनाथच्या हातातलं ताट उडालं आणि त्याचे डोळे पांढरे झाले. सगळे पळाले, पण नबीलाल कसा पळणार? तो खुर्चीत आणि चाक सरळ त्याच्यावर. मला वाटलं, संपलं सगळं. म्हाताऱ्या, कशाला रे इथे बसलास!

पण तो हात अजून ट्रकवाल्याचाच होता. त्याने स्वतःला खुर्चीतून खाली टाकून दिलं, आडवा पडला आणि करंजी घाटात सारलं होतं तसं मला त्या चाकापुढे सारलं. चाक माझ्यावर धडकलं. अर्धं वर चढलं. माझा कोपरा काडकन उडाला. दुखलं का? दुखलं! पण मी म्हटलं, ट्रक आला, कोंबड्या आल्या, आता तू ये. बघू कोण हटतो ते.

मी हटलो नाही. चाक खाली आलं. उजवं चाक अडलं, डावं पळत राहिलं आणि विमान खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखं जागच्या जागी वळलं. पुढचं चाक वाकलं, पंखाचं टोक मातीत घुसलं. तेवढ्यात परवेझने आत झेप घेऊन स्वीच बंद केला.

परवेझ धावत वडिलांपाशी गेला. नबीलालचं मनगट मोडलं होतं आणि तोंडात माती गेली होती. परवेझ लहान मुलासारखा रडायला लागला. "अब्बा, माफ करा," एवढंच म्हणत राहिला.

म्हाताऱ्याने माती थुंकली. "आरं, लिंबं मी बी लावली ट्रकाला जलमभर," तो म्हणाला. "पन ठोकळा काढून न्हाई."

गोरक्षनाथने नबीलालला स्वतःच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत प्रज्ञा मॅडमची गाडी भेटली. त्या गाडी वळवून मागोमाग आल्या, आधी म्हाताऱ्याची विचारपूस केली, आणि मग परवेझला असं काही झापलं की दवाखान्यातले इतर पेशंटही सरळ बसले.

परवेझला हे ग्रुपवर सांगायचं नव्हतं. 'गाय आडवी आली म्हणून विमान मोडलं,' असं तो पुटपुटत लिहीत होता. नबीलालने ते ऐकलं आणि तो भडकला.

"गाईला कशापायी बदनाम करतो? तू न्हाई सांगितलं तर दुसऱ्या कुनाचा तरी बाप खुर्चीत बसंल."

परवेझने खरं ते लिहिलं. माझा तुटक्या कोपऱ्याचा फोटोही टाकला. आधी दोघातिघांनी थट्टा केली. मग एकाने हळूच लिहिलं की त्याचंही विमान एकदा असंच सुटलं होतं, त्याने लाजेने कुणाला सांगितलं नाही. मग दुसऱ्याने लिहिलं. आणि मग काय, आठवडाभर त्या ग्रुपवर इंजिनं नाहीत, पंखे नाहीत, नुसते ठोकळ्यांचे फोटो! सागाचे, सुबाभळीचे, लोखंडाचे. एवढं देखणं संमेलन मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

विमान पुन्हा उभं राहिलं. या वेळी ब्रेक बसवले. वजन वाढलं, वाढू दे. आणि परवाच माळावर पुन्हा सगळे जमले, पण लांब, बाजूला. गोरक्षनाथ लिंबं घेऊन आला आणि दुरूनच ओरडला, "आधी ठोकळा लावा! त्याशिवाय मी हात न्हाई लावत कशाला."

मला लावलं. लिंबू माझ्या शेजारी ठेवलं, गुमान. परवेझ आत बसला. मागे प्रज्ञा मॅडमनी पंखा फिरवला, इंजिन लागलं, त्या बाजूला झाल्या आणि हात वर केला. माझा दोर नबीलालच्या हातात होता. खुर्ची बाजूला, पंखापासून लांब.

"अब्बा, ओढा!" परवेझने ओरडून खूण केली.

नबीलालने दोर ओढला नाही. त्याने आपल्या छातीवर हात आडवा फिरवला. पट्टा? परवेझने चरफडत पट्टा लावला. नबीलालने डोक्यावर टिचकी मारली. हेल्मेट? परवेझने हेल्मेट घातलं. तरी दोर ढिलाच. म्हाताऱ्याने मुलाकडे खूप वेळ पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला तेव्हा कळलं की मला अडवायला जेवढं बळ लागतं, त्याहून जास्त त्याला सोडायला लागत होतं.

मग त्याने दोर ओढला. मी घसरत त्याच्या पायाशी आलो आणि विमान गेलं. मुरमावरून धावलं, हललं, उचललं, आणि तिसगावच्या वर एवढंसं दिसायला लागलं. सगळे टाळ्या वाजवत वर बघत होते. नबीलालने मला मांडीवर घेतलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही आयुष्यात कुणीतरी आडवा येणारा असेल. 'पट्टा लाव, थांब, आधी बघ,' म्हणून डोकं खाणारा. त्याला बाजूला फेकायच्या आधी माझा हा तुटका कोपरा आठवा. आणि मला विचाराल, सगळे वर बघत असताना तुला खाली पडून वाईट नाही का वाटलं? छे! मी निवांत होतो. ते पोरगं कितीही उंच जाऊ दे, खाली येईल तेव्हा नबीलाल आधी त्याला मिठी मारणार नाही. आधी मला चाकाखाली लावेल.

आणि तसंच झालं.